हात मागे

माझी आई कुणाला मदत करत नाही, असं लहानपणी मी घरोघर सांगत सुटले होते. ते साफ खोटं होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांच्या नाकावरचे चष्मे तिनेच जिन्यात उभ्याउभ्या सरळ करून दिलेले होते. मदत नव्हती ती फक्त मला. शाळेला निघताना मी दारात बसून बुटाच्या बक्कलाशी झटापट करत असायचे आणि ती समोर उभी असायची, दोन्ही हात पाठीमागे बांधून. पट्टा निसटला की मी रडकुंडीला येऊन वर बघायचे. "घाई नको," ती म्हणायची. "सोड, आणि परत." शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. ती वाजली तरी आईचे हात काही पुढे यायचे नाहीत.

बाबा तिच्या जागी असते तर त्यांनी मला कडेवर घेऊन वर्गात नेऊन बसवलं असतं. ते वायरमन, हातात कायम पक्कड, आणि मन मेणाहून मऊ. आई स्वयंपाकघराकडे वळली रे वळली की ते चटकन खाली वाकायचे, पट्टा ओढून बक्कल लावून द्यायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. आमचं हे गुपित वर्षानुवर्षं टिकलं. आईला आपण कसं बनवतो, याचा मला भारी अभिमान होता.

आईचं काम दुकानाच्या मागच्या खोलीत चालायचं. टेबलावर एक वाकवता येणारा दिवा, खाली पांढरा रुमाल पसरलेला, त्यावर डोळ्यांना धड दिसणारही नाहीत असे स्क्रू. एक स्क्रू नेहमी ओठांच्या कोपऱ्यात धरलेला. ओठांत स्क्रू असायचा म्हणून ती कमी बोलायची, की बोलायचं नसायचं म्हणून स्क्रू धरायची, हे आम्हाला कधी कळलं नाही. पण ती बोटं बघत राहावीत अशी होती. जे इतरांना चिमट्याने जमायचं नाही ते ती नखाने करायची.

मग पन्नाशीनंतर त्या बोटांनी दगा दिला. थंडी पडली की ती मेणबत्तीसारखी पांढरी पडायची, त्यांतली जाणच जायची. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या आखडतात, जिवाला धोका नाही, पण गार पाण्यात हात घालू नका. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग साठीला टेकता टेकता तिने काय करावं? डोंगरातल्या तळ्यात पोहायचं ठरवलं.

त्यात माझा हात होता, नाही म्हणता येणार नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी ट्रायथलॉनच्या स्पर्धांना पंच म्हणून उभी राहते. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि हे सगळं सलग, एका दिवसात. एका वर्षी मी रेनकोट विसरले म्हणून बाबा तो घेऊन स्पर्धेच्या जागी आले, आणि आई त्यांच्या सोबत आली. तिथे एक पांढऱ्या केसांची बाई पाण्यातून बाहेर आली, केस झटकले आणि सायकलवर टांग मारून निघून गेली. आई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. घरी जाताना एवढंच म्हणाली, "ती माझ्याएवढी असेल."

दोन वर्षं तिने तयारी केली. बाबा चिडवायचे. "तू नक्की नंबर काढणार," म्हणायचे. "शेवटून पहिला." पण पहाटे सायकलच्या चाकांत हवा भरून ठेवायचे तेच. त्यांनी तिच्या पोहायच्या रबरी सूटच्या चेनला एक मोठी लाकडी कडी बांधून दिली, म्हणजे बोटं चालली नाहीत तरी अख्खा हात घालून चेन ओढता येईल. त्यांना हेल्मेटला चुंबकाचं बक्कलही बसवायचं होतं, नुसतं जवळ नेलं की चिकटणारं. त्याला मात्र आईने साफ नकार दिला. "स्वतःच्या हनुवटीखालचं बक्कल लावता येत नसेल, तर मी डोंगरात सायकल कशाला न्यावी?"

तर घोडं अडलं होतं ते त्या बक्कलावर. नियम असा की हेल्मेटचं बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. पोहताना हातमोजे चालत नाहीत, म्हणजे गार पाण्यातून आलेल्या उघड्या बोटांनीच ते लावायचं. मोठ्या स्पर्धांमध्ये कपडे बदलायला मदतनीस असतात. आमची स्पर्धा लहान, तिथे असलं काही नाही. बाहेरच्या कुणी हात लावला की स्पर्धक बाद. मग आईने सराव सुरू केला. मोरीत बादलीभर बर्फाचं पाणी, त्यात मनगटापर्यंत हात, आणि हात काढला की हेल्मेट. बर्फ बाबा आणून ओतायचे आणि लगेच गच्चीवर निघून जायचे. त्यांना ते बघवायचं नाही. मी बघायचे. कधी जमायचं, कधी नाही.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कामं वाटली गेली आणि सायकलींच्या तळावरची जबाबदारी माझ्याकडे आली. पोहून आलेले स्पर्धक जिथे सायकल घेतात ती ही जागा. आमच्या मुख्य पंच, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी आई आहे. जमेल ना? नाहीतर बदलते." मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "तू असलेली बरी. दुसऱ्या कुणाला माझी दया येईल."

हे ऐकून मला राग आला, खोटं कशाला सांगू. मला दया येत नाही, असं तिने परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तळ्यावर धुकं होतं. चारी बाजूंना डोंगर, त्यांच्या माथ्यावर अजून बर्फ, आणि तेच बर्फ वितळून तळ्यात उतरलेलं. उतारावर मेंढ्या चरत होत्या, त्यांना आमच्या भोंग्याचं काही नव्हतं. भोंगा वाजला आणि सगळ्या टोप्या पाण्यात शिरल्या. आईची टोपी पिवळी होती, आणि पाण्यात पिवळ्या टोप्या शंभर तरी होत्या. बाबा कुंपणाला टेकून उभे होते आणि भलत्याच बाईला प्रोत्साहन देत होते.

पहिले स्पर्धक आले, धावत सायकली घेऊन गेले. मग घोळका आला, तोही गेला. तळावरच्या रांगा विरळ होत गेल्या. साडेनऊच्या आत जो सायकल घेऊन बाहेर पडणार नाही, त्याची स्पर्धा तिथेच संपणार होती. आईची निळी सायकल तिच्या रांगेत एकटी उरली. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखी घड्याळाकडेच बघत राहिले.

मग ती आली. धावत नाही, पण भराभर चालत. चेहरा गारठलेला, ओठ निळे. लाकडी कडीत हात घालून तिने चेन ओढली, तळहातांनी सूट खाली ढकलला, पायांनी तुडवून काढला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग तिने हेल्मेट डोक्यावर ठेवलं, दोन्ही पट्टे हनुवटीखाली आणले, आणि तिचे हात मला दिसले. मनगटापासून पुढे ते तिचे राहिलेच नव्हते.

पट्टे एकमेकांना लागायचे आणि निसटायचे. तिने मान तिरपी करून बघितली, कोपर वर करून बघितलं. मी तिच्यापासून तीन पावलांवर उभी होते. मला ते बक्कल दोन बोटांनी लावता आलं असतं, डोळे मिटून.

"अगं, हे घे पटकन." बाबा. त्यांनी कुंपणावरून अर्धं अंग आत टाकलं होतं आणि थर्मासला गुंडाळून गरम केलेले हातमोजे पुढे धरले होते. "घे, कुणी बघत नाहीये."

कुणी म्हणजे मी. मी त्यांच्या नाकासमोर उभी होते, पंचाचा डगला घालून.

"बाबा, हात मागे घ्या," मी म्हणाले.

"तू गप्प बस गं. बोटं बघ तिची."

"तिने ते घेतले तर ती बाद होईल. आणि बाद मला करावं लागेल."

"मग कर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "कर बाद. मरू दे ती स्पर्धा."

"अहो," आई मान न वळवता म्हणाली. दात वाजत असल्यामुळे तिला नीट बोलताही येत नव्हतं. "लांब व्हा बघू."

बाबा लांब झाले नाहीत, पण त्यांनी हात मागे घेतला. आईने परत पट्टे जुळवले, ते परत निसटले. मग तिने वर माझ्याकडे बघितलं. मी दारात बसून जशी बघायचे, अगदी तशी. त्या क्षणी तिने मागितलं असतं तर मी पुढे होऊन ते बक्कल लावलं असतं आणि मग तिला बादही मीच केलं असतं. माझे हात कधी पाठीमागे गेले ते मला कळलं नव्हतं. तिला ते दिसले. तिच्या निळ्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

तिने मागितलं नाही. ती खाली गवतावर बसली, दोन्ही हात काखांत घातले आणि डोळे मिटून घेतले. उरलेसुरले स्पर्धक आले, तिला ओलांडून आपापल्या सायकली घेऊन गेले. मोठ्या बाई फाटकाशी हातात घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. मला ओरडावंसं वाटत होतं की आई, ऊठ, वेळ संपतेय. आणि ती तर दुकान बंद करून उन्हात बसल्यासारखी बसली होती.

बऱ्याच वेळाने तिने हात बाहेर काढले. बोटं अजून पांढरीच होती, पण वाकत होती. तिने पट्टे जुळवले. निसटले. "घाई नको," ती पुटपुटली. मला नव्हे, बोटांना. "सोड, आणि परत."

टक्.

तो आवाज मी अजून विसरलेले नाही. ती उठली, सायकल काढली, माझ्या समोरून ढकलत फाटकापर्यंत गेली आणि बसली. मोठ्या बाईंनी घड्याळ खिशात टाकलं. आमच्याकडे एकदाही वळून न बघता माझी आई घाटाच्या दिशेने निघून गेली.

तळावर आता नुसती ओली पावलं आणि फेकलेले सूट उरले होते. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. मी कुंपणाबाहेर जाऊन त्यांच्या बाकावर बसले तशी त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतून माझ्यापुढे धरली, पण तोंड दुसरीकडे. मी कप घ्यायला हात पुढे केला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. आतल्या बाजूला माझ्याच नखांचे लाल वण उमटले होते.

ते बघत राहिले. "आईवर गेलीस," म्हणाले.

"म्हणजे?"

"तिच्याही मनगटावर असायचे. तू बूट घालायचीस ना, तेव्हाचे. दुकानात तिला लोक विचारायचे, मांजर पाळलंय का म्हणून."

मी कप खाली ठेवला. "मग लावून का द्यायची नाही?"

"तुला माहीत नाही?" बाबांना खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं, कधीतरी सांगितलं असेल तिने. तिच्या आईने तिला कशालाच हात लावू दिला नव्हता. वेणी घालायची तिने, बटणं लावायची तिने, बूटसुद्धा तिनेच घालायचे. एकुलती एक, लाडाची. आणि मग ती बाई अचानक गेली. पंधरा दिवसांनी शाळा सुरू झाली तेव्हा ही बूट पुढ्यात घेऊन दारात बसून राहिली. नऊ वर्षांची मुलगी, आणि बक्कल लावता येईना. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. दिवसभर पट्टे लोंबकळत होते. आई गेली हे त्या दिवशी कळलं, असं ती म्हणते."

समोर डोंगरावरचं धुकं उठलं होतं आणि घाटाचा रस्ता दिसू लागला होता. त्यावर सायकलींचे बारीक ठिपके सरकत होते.

"तू झालीस तेव्हा मला म्हणाली, हिला सगळं आलं पाहिजे. मी आहे तोवर आलं पाहिजे." बाबांनी नाक पुसलं. "पण तीसुद्धा माणूसच आहे. अगदी बघवेनासं झालं की स्वयंपाकघरात जायची."

मला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुम्ही माझे बूट लावून द्यायचात ते तिला..."

"तर काय? आपल्या त्या स्वयंपाकघरात सकाळी तिचं काय काम असायचं? डबे आदल्या रात्रीच भरलेले असायचे." ते हसले. "मला जागा करून द्यायची ती."

मी कॉफी प्यायले. ती गार झाली होती. इतकी वर्षं जे आमचं दोघांचं गुपित समजत होते, ते तिघांचं निघालं.

दुपारी आई घाटावरून परत आली. उन्हाने बोटांत रक्त आलं होतं, चेहऱ्यावर घामाचं मीठ होतं. तिने सायकल जागेवर लावली, बसून बूट बदलले. नाडीला दोन गाठी मारल्या, मग त्यावर आणखी एक. "पायांचं काय?" मी विचारलं. तेवढं विचारायला परवानगी असते. "अजून दोन आहेत," ती म्हणाली आणि पळायला निघाली. पळायला म्हणजे काय, तिचं पळणं आणि बाबांचं भाजी आणायला जाणं सारख्याच वेगाचं. पण ती थांबली नाही.

पळायची वाट तळ्याला वळसे घालून, एका ओढ्यातून जात होती. संध्याकाळचे पाच ही शेवटची वेळ होती. चारच्या पुढे डोंगरावरून वारा सुटला आणि ऊन एकदम पातळ झालं. माझं काम संपलं होतं. मी डगला काढून शेवटच्या कमानीपाशी जाऊन उभी राहिले. लोक येत होते, कुणी हात वर करून, कुणी रडत, कुणी आपल्या पोराला उचलून. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. मोठ्या बाईंनी खिशातलं घड्याळ पुन्हा बाहेर काढलं. बाबा मनाशी काहीतरी पुटपुटत होते.

वळणावर पिवळं काहीतरी दिसलं. टोपी पोहून झाल्यावर काढायची असते, हिने ती थंडीसाठी पुन्हा डोक्यावर चढवली होती. ती एका बाजूला कलून पळत होती आणि तिच्या मागे थोड्या अंतरावर एक उंच माणूस लंगडत येत होता. मला वाटलं तो तिला गाठणार. त्याने गाठलं नाही. ती कमानीखालून गेली तेव्हा पाचला जेमतेम थोडी मिनिटं होती.

"शेवटून दुसरी," बाबा म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

मोठ्या बाईंनी आईच्या गळ्यात पदक घातलं. आईने ते उलटं करून बघितलं, मागे काय लिहिलंय ते वाचलं, आणि माझ्याकडे आली. तिची बोटं पुन्हा पांढरी पडली होती.

"पंचबाई," ती म्हणाली. "नियम संपले का?"

"संपले."

"मग हे बूट काढ. मला वाकवत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला काही करायला सांगितलं होतं, तिच्यासाठी. मी तिथेच कमानीच्या कडेला गुडघे टेकून बसले. ओढ्याच्या पाण्याने नाडी फुगली होती आणि तिच्या त्या तीन गाठींचा एक गोळा झाला होता. मी नख घालून बघितलं, जराही हलेना. डोळ्यांत पाणी आल्यामुळे गाठही दिसेना. मी वर बघितलं. ती हात पाठीमागे बांधून उभी होती.

"घाई नको," ती म्हणाली. "सोड, आणि परत."

मी सोडली. परत धरली. सुटेना. माझं नाक वाहायला लागलं होतं, आणि ते पुसावं तर गाठ हातातून जात होती. वरून एक लांब श्वास ऐकू आला. मग वाकवत नाही म्हणणारी माझी आई कण्हत कण्हत खाली माझ्यासमोर बसली आणि तिने हात पुढे केले. गार, पांढरे, काहीही न जाणवणारे. तिच्या बोटांना गाठ कळत नव्हती, मला ती दिसत नव्हती. तिने माझ्या बोटांवर बोटं ठेवली. एक टोक तिने धरलं, एक मी, आणि आम्ही ओढत राहिलो.

मी बाबांना हाक मारणार होते, त्यांच्या खिशात पक्कड असतेच. ते कमानीच्या पलीकडे उभे होते. आमच्याकडे पाठ करून, मुद्दाम, तळ्याकडे बघत.